फलत्याग कुणी करायचा?

अमेरिकेत अनेक राज्यांत हायस्कूलच्या सॉकरचा हंगाम ऑगस्टच्या उन्हात सुरू होतो. त्याआधी पालकांच्या हाती कागदांचा एक गठ्ठा पडतो. डॉक्टरी तपासणीचा दाखला, विम्याची माहिती, डोक्याला मार लागल्यास काय करायचे ते वाचल्याची सही, धोका मान्य असल्याचे संमतिपत्र, आणि त्याच गठ्ठ्यात संघाच्या वर्गणीचे, गाड्या धुण्याच्या कार्यक्रमाचे, केक-बिस्किटांच्या विक्रीचे पत्रक. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत स्थिरावलेली मराठी घरेही हे कागद भरतात. देशभरात हायस्कूलच्या संघांतून सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींची संख्या आठ लाखांच्या वर आहे. सही करणारा बहुधा घाईत असतो, आणि या सहीने आपण नेमके काय देऊन टाकतो आहोत याचा विचार करायला त्याला सवड नसते. मला हा प्रश्न कायद्याइतकाच धर्माचाही वाटतो. दुसऱ्याचे मूल रोज काही तास आपल्या ताब्यात घेणाऱ्या माणसाचा त्या मुलावर अधिकार तरी कोणता? आणि त्या मुलाने पत्करलेल्या कष्टातून व धोक्यातून जे फळ हाती येते, म्हणजे विजय, करंडक, शाळेचे नाव, वाढत्या देणग्या, त्यावर हक्क कुणाचा?

गीतेतला कर्मफलाचा विचार मैदानावर नेहमी एकाच दिशेने वापरला जातो. खेळाडूला सांगायचे, निकालाकडे पाहू नकोस, आपले काम करत राहा. उपदेश वाईट नाही, पण तो चुकीच्या माणसाला केला जातो असे माझे मत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला जिंकण्याचा मोह असला तर तो तिच्या वयाला शोभतो, आणि त्या मोहाची किंमतही तीच मोजते. ज्यांच्या मोहाची किंमत दुसऱ्याचे शरीर मोजते ते सगळे रेषेबाहेर उभे असतात: कोच, शाळेचा क्रीडा-संचालक, मुख्याध्यापक, देणगीदार आणि कित्येकदा आईवडीलसुद्धा. हायस्कूलचा संघ चालवणे हा विश्वस्तांचा कारभार आहे. त्याचा लाभार्थी आज खेळणारे मूल, आणि त्याहूनही अधिक, ते मूल मोठेपणी जे होणार आहे ते माणूस. म्हणून फळाचा त्याग मोठ्यांनी करायचा आहे. खेळाडूंची सुरक्षितता आणि निधिसंकलन ही शाळेच्या बैठकीत दोन वेगळी कलमे असतात. मला ती एकाच कसोटीला लावायची आहेत.

ही कसोटी गांधीजींनी ओळखली होती. स्नेल या इंग्रज कायदेपंडिताच्या ग्रंथातील न्यायतत्त्वांमुळे आपल्याला गीतेतल्या अपरिग्रहाचा अर्थ उलगडला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. विश्वस्ताच्या हातून कितीही संपत्तीचा व्यवहार होवो, त्यातली पैसुद्धा त्याची नसते. त्या न्यायतत्त्वांच्या मुळाशी लंडनमधला १७२६चा एक निकाल आहे, कीच विरुद्ध सँडफर्ड. रमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपत आली तेव्हा जागेच्या मालकाने मुलाच्या नावे पट्टा पुढे चालवायला नकार दिला. मग विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे करून घेतला. वरवर पाहता यात कुणाचे नुकसान झाले नव्हते. मुलाला तो पट्टा तसाही मिळणार नव्हता. तरीही लॉर्ड चान्सेलर किंग यांनी निकाल दिला की विश्वस्ताने पट्टा आणि त्यावरचा नफा मुलाच्या हवाली करावा. साऱ्या जगात त्या एकाच माणसाला तो पट्टा घेता येऊ नये हे कठोर दिसते, हे त्यांना मान्य होते. पण इथे सूट दिली तर मुलांचे पट्टे त्यांच्या नावे चालवून घेण्याची खटपट विश्वस्त करणारच नाहीत, हेही त्यांना दिसत होते. हा नियम विश्वस्ताच्या लबाडीवर उभा नाही. माणूस सज्जन असला तरी ज्या जागी त्याचे कर्तव्य आणि त्याचा फायदा परस्परांविरुद्ध जातात, त्या जागी त्याला उभे करू नये, एवढेच हा नियम सांगतो. आणि हा नियम एका मुलासाठी घडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मैदानाकडे येऊ. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा एक मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या शालेय सामन्यात डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसून तो त्याच सामन्यात पुन्हा खेळला, आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूवर तातडीच्या शस्त्रक्रिया झाल्या, जीव वाचला, पण अपंगत्व कायमचे आले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा लिस्टेड कायदा २००९ मध्ये झाला आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी त्या धर्तीचे कायदे केले. ते सॉकरलाही लागू आहेत, आणि तिथे त्यांची गरज लहान नाही, कारण हायस्कूलच्या खेळांत मुलींचे सॉकर हा कन्कशनचे, म्हणजे मेंदूला हादरा बसण्याचे, प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या खेळांपैकी एक आहे. कायद्याचा गाभा साधा आहे. मेंदूला हादरा बसल्याचा संशय आला की खेळाडू ताबडतोब बाहेर, आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीने लेखी मोकळीक दिल्याशिवाय परत आत नाही. म्हणजे 'हिला खेळवू का?' हा निर्णय कोचच्या हातून काढून घेतला. कोच निर्दयी असतो म्हणून असे केलेले नाही. बरोबरीत चाललेल्या सामन्यात शेवटची दहा मिनिटे उरलेली असताना आपली मधल्या फळीची सर्वोत्तम खेळाडू डोके धरून उभी आहे, अशा वेळी तिचे डोळे पाहून निदान करायला कोच ही सर्वांत अयोग्य व्यक्ती असते, मग तिच्यावर त्याची कितीही माया असो. लॉर्ड किंग यांचा नियम जवळजवळ तीनशे वर्षांनी मैदानाच्या रेषेवर येऊन पोचला. त्याचा परिणामही दिसला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की कायद्यांनंतर आधी नोंदी वाढल्या, कारण लपवाछपवी कमी झाली, आणि अडीचेक वर्षांनी त्याच खेळाडूला पुन्हा कन्कशन होण्याचे प्रमाण घटले.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सोळा-सतरा वर्षांची मुलगी काही लहान नाही. तिला गाडी चालवण्याचा परवाना मिळतो, ती अर्धवेळ नोकरी करते. मग दुखऱ्या डोक्याने खेळायचे की नाही हे तिने का ठरवू नये? मी हा आक्षेप हलका मानत नाही. तिचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, आणि खेळ सोडायचा असेल तर तो सोडण्याचा तिचा अधिकार निर्विवाद आहे. पण इथे संमती ज्या इंद्रियाने द्यायची त्यालाच इजा झालेली असते. शिवाय संघनिष्ठा नावाची गोष्ट या वयात किती प्रबळ असते! विस्कॉन्सिनमधल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या २००४च्या एका पाहणीत दिसले की कन्कशन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ते कुणालाच सांगितले नव्हते. बहुतेकांना ते सांगण्याइतके गंभीर वाटले नव्हते. काहींना सामन्यातून बाहेर पडायचे नव्हते. तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये मुलाच्या खुल्या भविष्याच्या हक्काबद्दल एक निबंध लिहिला. मुलाचे काही हक्क असे असतात की ते मूल आज वापरू शकत नाही, पण ते मोठेपणी वापरता यावेत म्हणून आज जपून ठेवावे लागतात, असा त्यांचा विचार होता. तीस वर्षांच्या स्त्रीला काय शिकायचे, कुठे काम करायचे, सांजवेळी डोके न दुखता पुस्तक वाचायचे की नाही, हे सगळे त्या सामन्यातल्या दहा मिनिटांत ठरू शकते, आणि ती स्त्री त्या वेळी मैदानावर नसते. तिच्या वतीने कुणीतरी नाही म्हणायला हवे. पालकाची सहीसुद्धा तिच्या वतीने सर्व काही देऊ शकत नाही, कारण पालकही तिचा विश्वस्तच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो खेळावर खरे प्रेम करणारी माणसे घेतात. धोका काढून टाकला की खेळात उरते काय? धैर्य, चिकाटी, दुखणे सोसून उठणे हे गुण गादीवर बसून येत नाहीत. मला हे पूर्ण मान्य आहे. पण विश्वस्ताने धोका पत्करूच नये असे त्याचा कायदाही सांगत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३० साली हार्वर्ड कॉलेज विरुद्ध एमरी या खटल्यात न्यायालयाने म्हटले की कितीही जपले तरी भांडवलाला धोका असतोच. विश्वस्ताकडून एवढीच अपेक्षा की शहाणा माणूस स्वतःच्या व्यवहारात जसा विवेक वापरतो तसा त्याने वापरावा. तेव्हा धोका आहे की नाही हा प्रश्नच नव्हे. धोका कुणाच्या कामासाठी घेतला, हे विचारायला हवे. चेंडूसाठी झेप घेताना मुलाचा गुडघा खरचटला तर तो धोका त्याच्या वाढीचा भाग आहे. बरगडीला तडा गेलेला असताना इंजेक्शन देऊन त्याला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात उतरवले, तर तो धोका शाळेच्या करंडकासाठी आहे. महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचे कारण इथे हमखास पुढे केले जाते. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलामुलींतून पुढे कोणत्याही स्तरावर महाविद्यालयीन संघात पोचणारे दहासुद्धा नसतात, आणि त्यांतही पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारे अगदी थोडे. शिष्यवृत्तीच्या आशेवर गुडघा पणाला लावणारा पालक शहाण्या माणसाचा विवेक वापरत नाही.

हेडिंगचा, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याचा, प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे पुरावा अर्धा आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मृत्यूंची तुलना सामान्य लोकांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट होते. त्याच अभ्यासात हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू खेळाडूंत कमी होते, आणि ही बाजू लपवणे अप्रामाणिक ठरेल. शिवाय ती आयुष्यभर खेळलेली व्यावसायिक माणसे होती. हायस्कूलच्या चार वर्षांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. २०१५ मध्ये यू.एस. सॉकरने एका खटल्याच्या तडजोडीत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केले आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या सरावात त्यावर मर्यादा घातली. चौदाव्या वर्षी, म्हणजे नेमके हायस्कूलच्या उंबरठ्यावर, ती मर्यादा संपते. मग पुरावा अपुरा असताना विश्वस्ताने काय करावे? संशयाचा फायदा खेळाला द्यायचा की लाभार्थीला? माझ्या मते सामन्यात हेडिंग राहू द्यावे, कारण तो खेळाचा भाग आहे आणि मुलांना तो हवा असतो. पण सरावात डोक्यावर चेंडू घेण्याच्या रांगा लावणे बंद करावे. सरावातली शंभर हेडिंगे कुणाच्याच आनंदासाठी नसतात. ती शनिवारच्या कॉर्नर-किकसाठी असतात, आणि ते फळ कोचचे आहे.

विश्वस्तवृत्ती म्हणजे पैशांचा खेळ, असे समजायचे कारण नाही. फिफा ११+ नावाचा वीस मिनिटांचा सराव आहे: धावणे, उड्या, तोल, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. त्याला चेंडू आणि मैदान यांपलीकडे काही लागत नाही. नॉर्वेत १२५ क्लबांतल्या तेरा ते सतरा वयाच्या मुलींवर त्याची चाचणी झाली, आणि २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तो करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण सॉकर खेळणाऱ्या मुलींत मुलग्यांपेक्षा दुपटीहून अधिक असते, हे लक्षात घेतले की या वीस मिनिटांचे मोल कळते. तरी अनेक संघ तो करत नाहीत, किंवा दोन आठवडे करून सोडून देतात, कारण ती वीस मिनिटे डावपेचांच्या वेळेतून जातात. इथे त्यागायचे फळ वीस मिनिटांएवढे लहान आहे, आणि तेही सुटत नाही! हलवता येणारे गोलखांब जमिनीत न रोवता तसेच उभे ठेवणे हाही असाच प्रकार. ते अंगावर पडून १९७९ ते १९९४ या काळात अमेरिकेत निदान २१ मृत्यू झाल्याचे तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने नोंदवले आणि १९९५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली. वाळूच्या चार पोत्यांचा प्रश्न असतो.

पैशाकडे वळताना मी मुद्दाम इथवर थांबलो, कारण निधिसंकलनात तीच वृत्ती अधिक सभ्य वेषात येते. अमेरिकन शाळांचे बूस्टर क्लब, म्हणजे पालकांची मदत-मंडळे, ही मोठी प्रेमाची गोष्ट आहे. दिवसभर नोकरी करून आलेली माणसे सामन्याच्या रात्री खाद्यपदार्थांचा स्टॉल चालवतात, त्यातून गणवेश येतात, प्रवासाची बस येते. पण जो देतो तो पाहतोही. आपण दिलेल्या धावफलकाखाली आपले मूल राखीव बाकावर बसलेले पाहणे सोपे नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे भेद केले आहेत, त्यांत परतफेडीच्या अपेक्षेने किंवा मनात कुरकुरत दिलेले दान राजस ठरते. अमेरिकेच्या करकायद्याने हा भेद आपल्या रुक्ष पद्धतीने ओळखला आहे. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबात ज्या कुटुंबाने जेवढी विक्री केली तेवढी रक्कम त्याच कुटुंबाच्या खर्चातून वजा होई. २०१३ मध्ये करन्यायालयाने त्याची धर्मादाय सवलत नाकारली, कारण ती कमाई सगळ्या मुलांची राहिली नव्हती. 'ज्याने कमावले त्याला मिळाले, यात अन्याय कसला?' असे पुष्कळांना वाटते. अन्याय असा की दोन नोकऱ्या करणाऱ्या आईच्या मुलाला विक्रीची पत्रके घेऊन दारोदार कोण नेणार?

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हार्टझेल खटल्यात याहून पुढचे पाऊल टाकले. सांता बार्बरा भागातल्या एका शाळामंडळाने खेळ आणि नाटक यांना शुल्क लावले होते, गरजूंना माफीही होती. न्यायालयाने म्हटले की हे उपक्रम शिक्षणाचाच भाग आहेत, शिक्षण राज्यघटनेने मोफत केले आहे, आणि माफीमुळे हा दोष जात नाही. मला हे शेवटचे वाक्य फार योग्य वाटते. आपल्या हक्काची गोष्ट मिळवण्यासाठी मुलाला आपली गरिबी सिद्ध करावी लागू नये. शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्याची दिशाही हीच आहे. मुलांच्या संघाला एखाद्या दात्याने नवे गवत आणि दिवे दिले, तर 'हा खासगी पैसा आहे' म्हणून शाळेला मुलींना अंधाऱ्या मैदानावर ठेवता येत नाही. पैसा कुठूनही येवो, सोयी समान देण्याची जबाबदारी शाळेची. दात्याला हे अपमानास्पद वाटते, असे म्हटले जाते. पण आपल्याकडे न्यायालये देवतेला कायद्याच्या दृष्टीने कायम अज्ञान मानतात आणि तिच्या मालमत्तेचा सांभाळ करणाऱ्याला विश्वस्तासारखे वागायला लावतात. पंढरपुरी सोन्याचा मुकुट वाहणाऱ्या भक्ताला काकड्याची वेळ बदलायचा अधिकार मिळत नाही, आणि त्याला तो नकोही असतो. देणगीदाराचे नाव फलकावर लावावे, त्याचे मनापासून आभार मानावेत. कोण खेळणार आणि कोण बसणार यात मात्र त्याचा शब्द नसावा. अॅथलेटिक ट्रेनरचा, म्हणजे दुखापती पाहणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचा, पगार तर बूस्टर क्लबातून मुळीच येऊ नये. ज्याने 'बाहेर बस' म्हणायचे त्याची भाकरी त्याच मुलाच्या वडिलांच्या हाती असली, तर लिस्टेड कायदा कागदावरच राहतो.

राहिला सर्वांत कठीण आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. अमेरिकेतल्या सुमारे एक-तृतीयांश हायस्कुलांत असा ट्रेनर मुळीच नसतो, आणि त्यांत गरीब आणि ग्रामीण शाळा जास्त आहेत. तिथला कोच विचारील की हे सारे नियम पाळायचे तर संघच बंद करू का? आणि मग ती मुले दुपारी कुठे जातील? हे खरे आहे की त्या मुलांना संघाची गरज श्रीमंत उपनगरातल्या मुलांपेक्षा अधिक असते. म्हणून खर्चाचा क्रम तरी उलटा करावा. उन्हाच्या सरावात बर्फाच्या पाण्याचा टब आधी, कारण उष्माघात झालेल्याचे तापमान अर्ध्या तासात उतरवले तर जीव वाचतो, आणि नवे गणवेश त्यानंतर. हृदय थांबल्यास झटका देणारे एईडी यंत्र मैदानाजवळ उघड्यावर, कुलपाबाहेर. ट्रेनर दोन-तीन शाळांत मिळून एक. तेही जमत नसेल तर खेळाडूला बाहेर बसवण्याचा अंतिम अधिकार हंगाम सुरू होण्याआधीच लेखी स्वरूपात अशा शिक्षकाकडे किंवा परिचारिकेकडे द्यावा जिचा संघाच्या जय-पराजयाशी काही संबंध नाही. हायस्कूलच्या सॉकरमध्ये बदली खेळाडूंवर फिफासारखी कडक मर्यादा नसते, बाहेर गेलेला परतही येऊ शकतो, त्यामुळे एखादीला तपासणीसाठी बाहेर काढल्याने संघाचे फार बिघडत नाही. आणि ज्या दिवशी अशी एकही व्यक्ती हजर नसेल त्या दिवशीचा सामना पुढे ढकलावा. सोळा सामन्यांचे बारा होतील. त्या चार सामन्यांचे दुःख मुलांना होईल, आणि ते खरे दुःख आहे. ते त्यांना समजावून सांगण्याचे काम कोचचे आहे, आणि गुणतक्त्यात खाली घसरलेल्या नावाचे उत्तर मुख्याध्यापकाने पालकसभेत द्यायचे आहे.